विश्लेषण : पंडिता रमाबाईंचे विवर शुक्रावर, रांजणखळगे कुकडीत… दोन्हीकडचा दगड एकच कसा?

दौंड तालुक्यातील केडगाव म्हटले की पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आठवते. त्याच रमाबाईंच्या नावाचे सुमारे ३० किलोमीटर व्यासाचे एक विवर शुक्र ग्रहावर आहे. शेजारच्या शिरूर तालुक्याच्या सीमेवर, टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामध्ये कुकडी नदीने काळ्या पाषाणात खोल रांजण कोरले आहेत. शुक्राची जमीन आणि कुकडीचे पात्र यांचा मूळ दगड जवळपास एकाच जातीचा. मग एकीकडे ऊस आणि दुसरीकडे शिसे वितळवणारी भट्टी, असे का झाले? शुक्रासाठी भारताची मोहीम मंजूर झालेली असताना ग्रहांच्या जमिनीची ही गोष्ट शिरूर-दौंडच्या विहिरींपर्यंत कशी येते, ते पाहू.

शुक्रावरचे ‘मेधावी’ विवर कोणाचे?

शुक्राच्या नकाशात ‘रमाबाई’ असे नाव शोधल्यास सापडणार नाही. तिथे नोंद आहे ती ‘मेधावी’ अशी. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, माहेरचे आडनाव डोंगरे. आईवडील दुष्काळाच्या काळात गेल्यावर भावाबरोबर पायी हिंडत त्या कोलकात्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. दोनच वर्षांत पतीचे निधन झाले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. ‘मेधावी’ हे आडनाव महाराष्ट्रात कधी रुळले नाही. इथे त्या पंडिता रमाबाईच राहिल्या. ग्रहाच्या नकाशावर मात्र आडनाव लागते, म्हणून तिथे दोन वर्षांच्या संसाराचे नाव कायमचे झाले. केडगावच्या शाळकरी मुलांनी शुक्राचा नकाशा उघडला तरी ओळख पटू नये, याचे कारण एवढेच.

मुंबईत १८८९ मध्ये सुरू झालेले शारदा सदन पुढे पुण्यात आले. त्यानंतर दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांत रमाबाईंचे काम केडगावला स्थिरावले. विधवा, अनाथ मुली, दुष्काळात घर सुटलेल्या बायका यांच्यासाठी त्यांनी उजाड माळावर वसाहत उभी केली. विहिरी, शेती, छापखाना असा तिचा पसारा होता. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले.

याच ग्रहावर ‘जोशी’ नावाचेही विवर आहे. ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या होत्या. पुढच्या वर्षी आनंदीबाई गेल्या. तिसरे नाव डॉ. जेरुशा झिराड यांचे. बेने इस्रायली समाजातल्या या डॉक्टरांनी मुंबईच्या कामा रुग्णालयात मोठे काम केले.

शुक्रावर महिलांचीच नावे का?

ग्रहांवरच्या खुणांना अधिकृत नावे देण्याचे काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ करतो. प्रत्येक ग्रहासाठी त्याने वेगळा विषय ठरवला आहे. बुधावर कलावंत आणि साहित्यिक, म्हणून तिथे कालिदास, वाल्मीकी, तानसेन आहेत. शुक्रावर स्त्रिया : २० किलोमीटरहून मोठ्या विवरांना कर्तृत्ववान दिवंगत महिलांची आडनावे, त्याहून लहान विवरांना जगभरातली साधी मुलींची नावे. आपल्याकडे शुक्र म्हणजे दैत्यांचे गुरू शुक्राचार्य. युरोपात हा ग्रह देवीचा. नकाशा युरोपीय परंपरेने चालला आणि शुक्राचार्यांच्या अंगणात सगळ्या बायका आल्या. अपवाद फारच थोडे. त्यातला ठळक म्हणजे सर्वांत उंच पर्वतरांगेला असलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांचे नाव.

मंगळावर लहान विवरांना एक लाखापेक्षा कमी वस्तीच्या गावांची नावे देतात. तिथे ‘लोणार’ आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शिरूर आणि दौंड या दोन्ही नगरपालिकांची लोकसंख्या लाखाच्या आत होती, म्हणजे नियमात ही गावेही बसतात. पण असे नाव गावाच्या गौरवासाठी दिले जात नाही. एखाद्या अभ्यासकाला त्या विवराचा उल्लेख करण्याची गरज पडली, तरच यादीतून नाव उचलले जाते.

गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून यांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. त्यांना उभे राहायला जमीन नाही. वरून वायू, खाली दाबाने घट्ट होत गेलेला द्रव, आणि नाव द्यायला टिकणारी खूण नाही. नावे मिळतात ती त्यांच्या चंद्रांवरच्या खुणांना.

ढगांआडची जमीन दिसली कशी?

शुक्र आकाशात ठळक दिसतो तो त्याच्या ढगांमुळे. गंधकाम्लाचे हे ढग ग्रह पूर्ण झाकून टाकतात आणि सूर्यप्रकाश परत पाठवतात. साध्या दुर्बिणीतून जमीन दिसणे अशक्य. त्यामुळे रेडिओ लहरी पाठवून परत येणारा प्रतिध्वनी मोजावा लागला. १९८९ मध्ये निघालेल्या ‘मॅगेलन’ यानाने १९९४ पर्यंत शुक्राचा सुमारे ९८ टक्के भाग रडारने टिपला. ‘मेधावी’ आणि ‘जोशी’ विवरांचा आकार स्पष्ट दिसतो तो याच चित्रांत.

ही चित्रे वाचताना एक सवय सोडावी लागते. त्यात उजळ म्हणजे पांढरे नव्हे, तर खडबडीत. काळे म्हणजे गुळगुळीत. उपग्रहावरील रडारने दौंड तालुका पाहिला, तर उजनी जलाशयाचे स्थिर पाणी काळे दिसते, कारण लहर आरशावर पडल्यासारखी पलीकडे निघून जाते. शेजारचा उभा ऊस उजळ दिसतो, कारण पानांमध्ये लहर विखुरते आणि तिचा काही भाग उपग्रहाकडे परत येतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सुटलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ उपग्रह पृथ्वीवर हेच काम करतो. शुक्रावरच्या मोठ्या विवरांभोवती उजळ पाकळ्यांसारखी कडा दिसते. आघातात उडालेला दगडांचा राडारोडा तिथे खडबडीत पसरला आहे आणि तो धुऊन नेणारे कोणी नाही.

‘मेधावी’चा आकार डोळ्यांपुढे आणायचा, तर पुणे ते दौंड हा रेल्वेमार्ग घ्यावा. तो सुमारे ७५ किलोमीटरचा आहे. अशी अडीच विवरे त्यात ओळीने बसतील.

शुक्राचा आणि शिरूरचा दगड एक कसा?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर चढले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा दगड पसरला आहे. भूशास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात, गावात काळा पाषाण. शिरूरच्या जुन्या वाड्यांची जोती, यवतजवळच्या भुलेश्वराचे मंदिर, नदीचे घाट, सगळे त्याचेच.

सूर्यमालेतल्या खडकाळ ग्रहांवर सर्वांत जास्त आढळणारा लाव्हाचा दगडही हाच. चंद्रावर आपण ज्यात ससा पाहतो, ते काळे डाग म्हणजे बेसाल्टची मैदाने. ती तीन अब्ज वर्षांहून जुनी आहेत. बुधाची गुळगुळीत मैदाने ज्वालामुखीची. मंगळावरचे अवाढव्य ज्वालामुखी बेसाल्टचे. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसतात तसे दगडी खांब मंगळावरच्या विवरांच्या कडांतही कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि भेगा एकमेकींना मिळून बहुकोनी खांब तयार होतात. अंधेरी असो की मंगळ, नियम तोच.

शुक्रावर १९८२ च्या मार्चमध्ये सोव्हिएत रशियाची ‘व्हेनेरा १३’ आणि ‘व्हेनेरा १४’ ही याने उतरली. ‘व्हेनेरा १३’ तिथल्या उष्णतेत १२७ मिनिटे तग धरून होते. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत पायाजवळ चपट्या फरशीसारखे दगड आणि त्यांच्यामधला चुरा दिसतो. दोन्ही यानांनी दगड खरवडून आत घेतला आणि क्ष-किरणांनी त्याची परीक्षा केली. उत्तर बेसाल्टच्या जवळचे आले. नदीपात्रातली उघडी पडलेली काळी फरशी ज्याने पाहिली आहे, त्याला ते चित्र फार परके वाटणार नाही. फक्त तिथे पारा सुमारे ४६५ अंश सेल्सिअसवर असतो आणि हवेचा दाब पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त.

मग रांजणखळगे शुक्रावर का नाहीत?

कारण ते लाव्हाने केलेले नाहीत, पाण्याने केले आहेत. कुकडी सह्याद्रीत नाणेघाटाच्या परिसरात उगम पावते, जुन्नर तालुक्यातून पूर्वेकडे येते आणि पुढे घोड नदीला मिळते. घोड भीमेला, भीमा कृष्णेला. टाकळी हाजी-निघोजजवळ नदीचे पात्र कातळात अरुंद होते. एका तीरावर पुणे जिल्हा, दुसऱ्या तीरावर पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर. मळगंगा देवीमुळे या जागेला ‘कुंड’ म्हणतात.

बेसाल्टमध्ये मुळातच कमजोर जागा असतात. कुठे सांधे, कुठे वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेली भोके. पुराचे पाणी अशा खाचेवरून जाताना भोवरा धरते. त्यात एखादा गोटा अडकला की तो बाहेर पडत नाही, जात्याच्या पाळीसारखा गरगर फिरत राहतो. तो झिजतो आणि खालचा कातळही झिजतो. गोटा संपला तर पुढच्या पुरात दुसरा येतो. खळगा खोल होत जातो, भिंती गुळगुळीत होतात. शेजारी-शेजारी असलेल्या दोन रांजणांमधली भिंत पातळ होऊन फुटली की ते एक होतात, आणि असे जोडत जोडत नदी आपली घळ खोल करते. बाहेरून आलेला पाहुणा हे नक्षीकाम पाहून थक्क होतो. भूशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती नदीची खोदाई आहे, अजून न संपलेली.

उन्हाळ्यात पात्र आटले की खळग्यांच्या तळाशी ते गोल गोटे दिसतात. हत्यार जागेवरच ठेवून कारागीर जेवायला गेल्यासारखे. पाणी असताना मात्र या जागेची सुंदरता फसवी असते. काठ घोटून गुळगुळीत झालेले, भिंती उभ्या, आत पकडायला काही नाही आणि वरून खोलीचा अंदाज येत नाही. ज्या कारणाने हे रांजण पाहण्यासारखे झाले, त्याच कारणाने त्यात पडलेला माणूस वर येऊ शकत नाही. छायाचित्रासाठी कडेवर उभे राहणाऱ्यांनी एवढे भूशास्त्र तरी लक्षात ठेवावे.

नदीच्या वरच्या अंगाला आता माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत. खळगे कोरायला लागतो तो जोराचा पूर, आणि तो आता पावसाइतकाच धरणाच्या दरवाजांवर अवलंबून आहे.

गोल गोट्यावरून मंगळाचे काय कळले?

एवढ्याशा गोष्टीवरून मंगळाच्या इतिहासाचा एक मोठा वाद मिटला. मंगळावर वाळलेल्या नद्यांसारखे आकार १९७० च्या दशकापासून दिसत होते. पण ते पाण्याने केले, लाव्हाने की वाऱ्याने, यावर मतभेद होते. २०१२ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ गाडी गेल विवरात उतरली. काही आठवड्यांतच तिला दगडात सिमेंटसारखे चिकटलेले गोल गोटे सापडले. वारा वाळूचे कण उचलतो, पण सुपारीएवढे खडे उचलून घोटू शकत नाही. त्यांना घोळवत आणायला वाहते पाणीच लागते. गोट्यांच्या आकारावरून पाणी साधारण घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असावे, असा अंदाज अभ्यासकांनी बांधला. कुकडीच्या पात्रात उभे राहून एखादा म्हातारा शेतकरी ‘इथवर पूर आला होता’ असे खुणेवरून सांगतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच की तो पूर तीन अब्ज वर्षांहून जुना.

शनीच्या टायटन या चंद्रावर १४ जानेवारी २००५ रोजी ‘हायगेन्स’ उतरले, तेव्हाही पायाशी गोल गोटेच दिसले. तिथे उणे १८० अंशांच्या आसपास तापमान आहे. गोटे गोठलेल्या पाण्याचे, आणि त्यांना घोटणारी नदी द्रवरूप मिथेनची.

शुक्रावर आज असे काही होणे शक्य नाही. जमिनीवर द्रव नाही, आणि जमिनीलगतचा वारा ताशी चार-पाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालीचा. म्हणून ‘मेधावी’च्या कडा आहेत तशा आहेत. तेवढेच विवर केडगावच्या जागी पडले असते, तर भीमेने आणि मुळा-मुठेने ते केव्हाच भरून, फोडून, नांगरून टाकले असते.

लोणारसारखे छोटे विवर शुक्रावर का दिसत नाही?

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. बेसाल्टमध्ये आघाताने तयार झालेले आणि इतके टिकून राहिलेले विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून मंगळ आणि चंद्राचे अभ्यासक तिथे येतात. एका अभ्यासाने त्याचे वय ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास काढले, त्याआधीचे अंदाज बरेच कमी होते. ज्या अशनीने लोणार घडवले, तसा अशनी शुक्रावर गेला तर जमिनीपर्यंत पोहोचणारच नाही. घनदाट वातावरणात तो वरच फुटून जाईल. त्यामुळे शुक्रावर फार लहान विवरे जवळपास नाहीतच.

मोठी विवरे तरी किती? सगळ्या ग्रहावर मिळून हजाराच्या आसपास. चंद्र त्याच्या मानाने चिमुकला, तरी त्याच्यावर ती लाखोंनी आहेत. याचा अर्थ शुक्राची जमीन तुलनेने नवी आहे. जुनी विवरे लाव्हाखाली गाडली गेली. या जमिनीचे सरासरी वय काही दहा कोटी वर्षे धरले जाते, म्हणजे दख्खनच्या कातळापेक्षा जुने पण ग्रहाच्या वयाच्या मानाने कोवळे. मॅगेलनच्या जुन्या चित्रांची २०२३ मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा माट मॉन्स या ज्वालामुखीचे एक मुख १९९१ मधल्या काही महिन्यांतच आकार बदलून मोठे झालेले आढळले. शुक्र अजून पेटलेला आहे, याचा हा बळकट पुरावा मानला जातो.

शुक्राचे पाणी गेले कुठे?

आकाराने शुक्र आणि पृथ्वी जुळ्या बहिणी. शुक्राचा व्यास १२ हजार १०० किलोमीटर, पृथ्वीचा १२ हजार ७४० च्या घरात. दगड तोच. मग वाट कुठे बदलली?

१९७८ मध्ये ‘पायोनियर व्हीनस’ मोहिमेने तिथल्या हवेतला हायड्रोजन तपासला. त्यात जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटींहून अधिक निघाले. हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो, जड मागे राहतो. म्हणजे कधीकाळी तिथे आताच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी होते, आणि सूर्यकिरणांनी फुटून ते निघून गेले. ते समुद्र होते की नुसती वाफ, यावर एकमत नाही.

पाणी गेल्याचा दुसरा परिणाम जास्त मोठा, आणि तो समजायला दौंडच्या शेतात जावे लागते. काळ्या रानात नांगराला पांढरे चुनखडीचे खडे लागतात, शेतकऱ्याच्या डोक्याला ताप. तो चुना येतो कुठून? पावसाचे पाणी हवेतला कर्बवायू घेऊन किंचित आंबट होते. ते बेसाल्टला झिजवते आणि त्यातले कॅल्शियम सोडवते. कॅल्शियम आणि कर्ब एकत्र येऊन काही चुना जमिनीतच साठतो. उरलेला भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो आणि तिथे शंख-शिंपल्यांच्या कवचांतून चुनखडक होतो. हवेतला कर्बवायू अशा रीतीने दगडात बंद होतो. कोट्यवधी वर्षे हे चालले म्हणून आपल्या हवेत कर्बवायू ०.०४ टक्के आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या चुनखडकांतला कर्बवायू मोकळा केला, तर तो साधारण शुक्राच्या वातावरणात आहे तेवढाच भरेल. शुक्रावर पाणी उरले नाही, दगड झिजला नाही, वायू हवेतच राहिला. आज तिथली हवा ९६.५ टक्के कर्बवायूची आहे.

या क्रियेच्या भरवशावर मात्र कोणी राहू नये. कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुराचा वेग वर्षांत मोजला जातो, दगड झिजण्याचा लाखो वर्षांत.

याचा विहिरीशी आणि बोअरशी काय संबंध?

लाव्हाच्या प्रत्येक थराची रचना ठरलेली असते. मधला भाग सावकाश थंड होतो आणि घट्ट होतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो जाळीदार राहतो. दोन उद्रेकांमध्ये मोठा खंड पडला, तर वरच्या थरावर माती तयार होते आणि पुढच्या लाव्हाखाली ती भाजून विटेसारखी तांबडी होते. विहीर खोदताना लागणारा तांबडा पट्टा तो हाच. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून आलेली पांढरी स्फटिके भरली. नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणींतले निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. मंगळावरही अशा काही खनिजांच्या खुणा कक्षेतल्या यानांनी टिपल्या आणि तिथे जमिनीखाली कोमट पाणी फिरत होते, असा निष्कर्ष निघाला.

घट्ट कातळात पाणी नसते. ते असते मुरमात, जाळीदार भागात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून एका बांधावर बोअरला पाणी लागते आणि पन्नास पावलांवर दुसरी कोरडी जाते. नशिबाला दोष दिला जातो, कारण मात्र लाव्हा कसा थंड झाला यात असते. बोअर जितकी खोल तितके पाणी जास्त, ही समजूत या दगडाला लागू पडत नाही. खोलवर भेगा मिटत जातात, आणि हजार फुटांवर लागलेले थोडे पाणी पुष्कळदा एकदा उपसले की लवकर परत भरत नाही. शिरूरच्या पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या भागाला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. दौंडच्या कालव्याखालच्या उसाला ते विसरणे परवडते, जोवर कालवा वाहतो तोवर.

शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तिथे अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या या वस्तीत धान्याची कोठारे होती आणि पाणी वळवण्यासाठी पाट होता. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ती वस्ती उठली. पाऊस कमी होत जाणे हे त्याचे एक कारण संशोधकांनी मांडले आहे.

ग्रहांच्या पोटात काय आहे, हे कसे कळते?

खोदून फारसे कळत नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे ६०० मीटरहून खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटरवर दख्खनचा बेसाल्ट संपला आणि खाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचे अंतर आहे ६ हजार ३७१ किलोमीटर. बाकीचे सगळे भूकंपलहरींवरून कळते. लहरी कुठे वळतात, कुठे अडतात, किती वेळाने पोहोचतात यावरून कवच, प्रावरण आणि लोखंडी गाभा यांच्या सीमा आखल्या गेल्या.

मंगळावर ‘इनसाइट’ने २०१८ ते २०२२ या काळात तेराशेहून अधिक कंप नोंदवले आणि तिथला गाभा सुमारे १,६५० ते १,८०० किलोमीटर त्रिज्येचा असल्याचे कळले. बुधाचे नवल वेगळेच. त्याची एकूण त्रिज्या २,४४० किलोमीटर आणि त्यातला गाभाच दोन हजारांचा, म्हणजे फळाला नुसती साल. चंद्रावर २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या चंद्रयान-३ ने कंपमापक तर नेलाच, शिवाय मातीत तापमापीही खुपसली. पृष्ठभागाशी पन्नासच्या वर असलेले तापमान अवघ्या आठ सेंटीमीटरवर शून्याखाली गेलेले दिसले.

कधी कधी पुरावा आपणहून येऊन पडतो. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलमध्ये अशनी कोसळले. आयआयटी खरगपूरच्या गटाने २०२१ मध्ये त्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे जाहीर केले. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात सर्वांत जास्त असलेले हे खनिज तिथून वर येताना टिकत नाही. अशनीत मात्र अवकाशातल्या टकरीच्या दाबाने ते तयार झाले आणि काटोलच्या शेतात येऊन पडले.

शुक्राच्या गाभ्याबद्दल मात्र पाटी बरीचशी कोरी आहे. तिथल्या उष्णतेत कंपमापक महिनोन्महिने चालवणे अजून जमलेले नाही.

आता पुढे काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२३६ कोटी रुपयांची शुक्र मोहीम मंजूर केली. मार्च २०२८ मध्ये प्रक्षेपणाचे नियोजन आहे. हे यान उतरणार नाही, शुक्राभोवती फिरत राहील आणि त्याच्या मुख्य उपकरणांत रडार आहे. अमेरिका आणि युरोप यांच्याही शुक्र मोहिमांची आखणी झालेली आहे. मॅगेलनची चित्रे साधारण शंभर मीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी दाखवू शकत नव्हती. नव्या रडारमध्ये लाव्हाच्या थरांच्या कडा, ताजे प्रवाह आणि तीस-पस्तीस वर्षांत झालेले बदल दिसणे अपेक्षित आहे. ते काम व्हायचे तर यानाची कक्षा उत्तर-दक्षिण ध्रुवांवरून जाणारी हवी, म्हणजे ग्रह खाली हळूहळू फिरत असताना प्रत्येक भाग एकदा तरी रडारखाली येतो. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी पुरी करायला २४३ दिवस लागतात. तेवढ्या काळात विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला असलेले ‘मेधावी’ विवरही यानाच्या खालून जाईल.